‘मला चालत नाही’ आणि ‘तुमचे चालत नाही’

प्रश्न विचारणाऱ्या भगिनींनी मजकूर सविस्तर लिहिला आहे, म्हणून आधी तो थोडक्यात मांडतो. त्या सांगलीत विश्रामबाग परिसरातील 16 फ्लॅटच्या इमारतीत राहतात. घर माळकरी आहे. पती, सासूबाई आणि त्या स्वतः, तिघांच्याही गळ्यात तुळशीची माळ आहे. समोरचा फ्लॅट वर्षभरापूर्वी एका मुस्लीम कुटुंबाने विकत घेतला. रमजान ईदला त्या घरच्या भाभींनी स्टीलच्या डब्यातून शिरखुर्मा आणून दिला. यांनी तो हसून घेतला, पण खाल्ला नाही. घरकामाला येणाऱ्या मावशींना देऊन टाकला. दोन दिवसांनी जिन्यात भाभींनी “कसा झाला होता?” असे विचारले आणि यांच्या तोंडून “फार छान” असे निघून गेले. तेव्हापासून तो डबा घासूनपुसून स्वयंपाकघरातल्या फळीवर पडून आहे, कारण शेजारचा डबा रिकामा परत करायचा नसतो आणि भरून द्यायला जायचे तर समोर उभे राहण्याचा धीर होत नाही. त्यातच ‘यापुढे फ्लॅट शाकाहारी कुटुंबालाच विकावा’ अशा एका कागदावर इमारतीत सह्या घेतल्या जात असून यांचीही सही मागितली गेली आहे. शिवाय 9 वर्षांच्या मुलाने ‘समोरचे काका आपल्या विठोबाला का मानत नाहीत’ असा प्रश्न घरात केला आहे. आपली श्रद्धा जपून शेजारधर्म कसा पाळावा, असे त्यांनी विचारले आहे.

मी सांगलीत 28 वर्षे वकिली करतो. गृहनिर्माण संस्थांमधील वाद हे माझे नेहमीचे काम असून गेली काही वर्षे त्यांतील बऱ्याच प्रकरणांत मी मध्यस्थ म्हणून बसतो. त्यामुळे पुढे जे लिहितो ते धर्मशास्त्राच्या अधिकाराने नव्हे, तर एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलेल्या शेजाऱ्यांचे ऐकून जे समजले त्याच्या आधारे.

आपण अडचण श्रद्धेची म्हणून मांडली आहे. मला ती ‘छान’ या एका शब्दाची वाटते. माळ घातलेल्या माणसाने अमुक खाऊ नये, अमुक भांड्यातले खाऊ नये, हा आपला नेम आहे आणि तो पाळल्याने कोणाचेही काही बिघडलेले नाही. बिघडले ते नेम लपवल्यामुळे. भाभींना वाईट वाटू नये म्हणून आपण खोटे बोललात, आणि आता ते खोटे टिकवण्यासाठी आपण त्यांना टाळता आहात. त्यांच्या बाजूने पाहिले तर ईदला डबा दिल्यापासून शेजारीण दार लवकर लावून घेते, जिन्यात घाईने जाते, एवढेच त्यांना दिसत असणार, आणि त्याचा अर्थ त्या शिरखुर्म्यापुरता लावतील असे मला वाटत नाही.

आपल्या भाषेत यासाठी एक सोपे वाक्य आहे: ‘मला चालत नाही.’ एखाद्या वारकऱ्याला कांदा-लसूण चालत नाही, उपवासाला अमुक चालत नाही, हे आपण दिवसभर सहज बोलतो आणि त्याचा कोणालाही राग येत नाही, कारण त्या वाक्यात बंधन बोलणाऱ्यावर आहे. ‘तुमचे चालत नाही’ या वाक्यात तेच बंधन समोरच्याच्या अंगावर डाग म्हणून जाते. माझ्यापुढे आलेल्या कित्येक वादांत पहिले वाक्य वेळेवर बोलले गेले नाही आणि काही महिन्यांनी दुसरे वाक्य भांडणात बाहेर पडले, असेच घडलेले मी पाहिले आहे.

मात्र ‘मला चालत नाही’ म्हणण्याआधी माणसाने स्वतःला एक प्रश्न विचारून पाहावा, आणि तो मी माझ्या पक्षकारांनाही विचारतो: हॉटेलात चालते का? ज्या स्वयंपाकघरात मटण शिजते त्याच स्वयंपाकघरातला डोसा आपले कुटुंब खात असेल, लग्नाच्या हॉलमध्ये कोणत्या कढईत काय तळले जाते याची चौकशी न करता जेवत असेल, आणि केवळ समोरच्या दाराआडचे भांडे तेवढे चालत नसेल, तर तो नेम भांड्याचा नाही, माणसाचा आहे. भांडे आणि पाणी यांच्या नावाखाली आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या माणसांना दारात उभे केले आहे, आणि ज्याच्या आजोबांनी वरून ओतलेले पाणी ओंजळीत घेतले आहे त्याला ‘माझे सोवळे आहे’ हे वाक्य आपल्याइतके निरागस ऐकू येत नाही. आपल्या घरी हॉटेलही वर्ज्य आहे की नाही हे आपण लिहिलेले नाही, त्यामुळे पुढचे उत्तर त्यावर अवलंबून राहील. वर्ज्य असेल तर आपला नेम सरळ आहे आणि तो सांगण्यात संकोच नको. वर्ज्य नसेल तर भाभींशी बोलण्याआधी घरात सासूबाईंशी बोलावे लागेल, आणि ते बोलणे अधिक अवघड आहे.

नकार मिळाल्यावर माणसाला काय वाटते हे मला स्वतःच्या अनुभवावरून ठाऊक आहे. वकिलीच्या सुरुवातीच्या काळात माझ्या शेजारी एक बौद्ध कुटुंब राहत असे. आमच्याकडे सत्यनारायण होता. मी स्वतः प्रसादाचा द्रोण घेऊन त्यांच्या दारात गेलो. त्या गृहस्थांनी हात जोडले आणि “साहेब, प्रसाद नको, चहाला मात्र येतो” असे म्हटले. मला ते इतके लागले की मी पुढचे तीन-चार महिने त्यांच्याशी धड बोललो नाही. एवढा शिकलेला माणूस आणि शिऱ्याचे काय वावडे, असे मी घरात म्हणत राहिलो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांत ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही व त्यांची उपासना करणार नाही, ही पहिलीच प्रतिज्ञा आहे, आणि सत्यनारायण हे विष्णूचेच रूप, एवढी साधी जोड मला वकील असून लावता आली नाही. ते आपल्या प्रतिज्ञेशी प्रामाणिक होते आणि चहाला येतो म्हणून शेजारीही राहिले होते. चूक माझी होती. आपण भाभींना नकार द्याल तेव्हा त्यांनी समजून घ्यावे अशी अपेक्षा असेल, तर आपल्याला मिळणारे नकारही त्याच दृष्टीने पाहावे लागतील. जैन शेजारी सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेणार नाही, कंदमुळाची भाजी बाजूला सारेल. मुस्लीम घरांत काही जण देवापुढचा प्रसाद आनंदाने घेतात, तर काहींना दुसऱ्या दैवताला दाखवलेला नैवेद्य चालत नाही, आणि संकोचामुळे तेही ‘छान होता’ असेच म्हणतात. गेल्या गणपतीत आपण पाठवलेल्या मोदकांचे समोरच्या घरात काय झाले, हे आपल्याला तरी कोठे माहीत आहे?

यावर आमच्या घरात एक पद्धत आहे. सणाचे पदार्थ झाले की नैवेद्याचे ताट वाढण्याआधीच शेजारी द्यायचे चार-सहा नग वेगळ्या डब्यात काढून ठेवायचे, आणि देताना स्पष्ट सांगायचे की हे नैवेद्याचे नाही, आधीच काढलेले आहे; प्रसाद हवा असेल तर तोही आणून देते. ज्याला हवा तो मागतो. उलट दिशेनेही जुनी वाट आहेच. मी तासगाव तालुक्यातल्या एका खेड्यात वाढलो. ईदच्या सकाळी गल्लीच्या टोकाचे चाचा आमच्या ओट्यावर सूप ठेवून जात. त्यात कागदाच्या पुडीत कोऱ्या शेवया, साखर, खारीक, खोबऱ्याची वाटी आणि थोडी खसखस असे. याला कोरडा शिधा म्हणत. आई तो स्वतःच्या पातेल्यात दूध घालून शिजवी आणि आम्ही मुले वाटी चाटूनपुसून खात असू. आमच्या आजीचे सोवळे कडक आहे हे चाचांना ठाऊक होते, ईद आमच्या घरीही व्हावी ही त्यांची इच्छा आजीला ठाऊक होती, आणि या दोहोंच्या मधून शिध्याची सोय निघाली होती. त्या सोयीतही अंतर होते, हे मी नाकारत नाही. तरी ते अंतर दोन्ही बाजूंनी उघडपणे मान्य केलेले होते. फळे, खजूर, सुका मेवा, कोऱ्या शेवया यांतले काय चालते ते आपण भाभींना सांगू शकता, आणि मी ज्या घरांत हे सांगताना पाहिले तेथे समोरच्याला बहुधा हायसे वाटले, कारण दर सणाला काय न्यावे हा प्रश्न त्यांनाही पडलेला असतो.

असा प्रश्न निघाला की आपल्या जिल्ह्यातील लोक लगेच मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याचे, कडेगावच्या मोहरमचे, वाळवा तालुक्यातील गोटखिंडीचे उदाहरण देतात, जिथे गणेशोत्सवात गणपती मशिदीत बसतो. उदाहरणे खरी आहेत, पण ती ऐकून आपल्या फळीवरचा डबा हलणार नाही. माझ्या मते त्यांतून घेण्यासारखे काही वेगळेच आहे. मिरजेच्या उरुसात पहिला गलेफ, म्हणजे दर्ग्यावर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो. कडेगावच्या उंच ताबुतांपैकी काहींचे मानकरी हिंदू आहेत आणि ताबुतांच्या भेटी ठरलेल्या क्रमाने होतात. तिथे कोणी श्रद्धा पातळ केलेली नाही. कोणाचा मान कोणता, कोण कोठे उभा राहणार, कोण काय करणार नाही, हे आधीच ठरलेले आणि सर्वांना माहीत असते, म्हणून ऐन वेळी कोणाला कोणाची समजूत काढावी लागत नाही. आपल्या जिन्यात असा कोणताही क्रम ठरलेला नाही. एकमेकांना नवी असलेली दोन कुटुंबे आहेत आणि दोघेही अंदाजाने वागत आहेत.

आपण माळकरी आहात म्हणून आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. 2022 मध्ये 10 जुलैला आणि 2023 मध्ये 29 जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. यात योगायोग वाटतो तेवढा नाही. बकरी ईद चंद्रदर्शनापासून मोजलेल्या महिन्याच्या दहाव्या दिवशी येते आणि एकादशी ही शुक्ल पक्षातली अकरावी तिथी; म्हणजे दोन्हींच्या रात्री आकाशात चंद्राचा आकार जवळपास सारखाच. फरक इतकाच की आपण अधिक मास घालून महिने ऋतूंशी जुळवून घेतो आणि इस्लामी वर्षात तो नसल्यामुळे ते दरवर्षी साधारण 11 दिवस मागे सरकते. 2023 मध्ये अधिक श्रावण आला आणि ती जुळणी सुटली. तर त्या वर्षी राज्यातील अनेक गावांत मुस्लीम समाजाने नमाज त्याच दिवशी पढली, पण कुर्बानी दुसऱ्या दिवशी केली. ती तीन दिवसांत कधीही करता येत असल्यामुळे त्यांच्या धर्मातले काहीही त्यांना सोडावे लागले नाही. मात्र ही सवलत त्यांनी स्वतःहून दिलेली होती. शेजाऱ्याच्या दारात जाऊन मागून घेतली की तीच गोष्ट सक्ती होते, आणि पुढच्या वर्षी ती हक्काने मागितली जाते. मध्यस्थीत मी याबाबत फार जपून असतो.

आता सहीचा कागद. कायद्याच्या बाजूने हे लवकर संपणारे आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 23 प्रमाणे पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, आणि ‘तो मांस खातो’ हे पुरेसे कारण ठरवणे कोणत्याही समितीला जड जाईल. उपविधी, म्हणजे संस्थेचे नियम, बदलायचे तर सर्वसाधारण सभेत दोन-तृतीयांश मतांची मंजुरी आणि त्यानंतर निबंधकाची मान्यता लागते. जिन्यात फिरवलेल्या कागदाला यातले काहीच नसते. त्याचा उपयोग एकच, की समोरच्या कुटुंबाला त्यावरच्या सह्या मोजता येतात. त्या कागदावर आपली सही नसावी असे माझे स्पष्ट मत आहे. ‘श्रद्धा असून सही का नाही’ असे कोणी विचारले तर माळ माझ्या गळ्यात आहे, इमारतीच्या गळ्यात नाही, असे सांगता येईल. संविधानाच्या उद्देशिकेत विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य व्यक्तीला दिलेले आहे, आणि आपला नेम पाळण्याची मुभा आपल्याला ज्या तरतुदीने मिळते तिनेच भाभींना त्यांच्या घरात हवे ते शिजवण्याची मुभा मिळते.

तरीही सह्या गोळा करणाऱ्यांना थेट द्वेष्टे ठरवू नका. अशा कागदामागे बहुधा एखादा प्रत्यक्ष त्रास असतो आणि तो शोधावा लागतो. एका प्रकरणात वरच्या मजल्यावरील जैन कुटुंबाने खालच्या ख्रिस्ती कुटुंबाविरुद्ध अर्ज दिला होता. भाषा धर्म, संस्कार, पावित्र्य अशी होती. मी प्रत्यक्ष जाऊन पाहिले तर खालच्या घराचा एक्झॉस्ट पंखा बंद डक्टमध्ये उघडत होता आणि मासे तळले की वास थेट वरच्या घरातील देव्हाऱ्याच्या खिडकीत जात होता. पंख्याला पत्र्याची नळी जोडून ती गच्चीपर्यंत नेली. खर्च दोघांनी निम्मा-निम्मा केला आणि अर्ज मागे घेतला गेला. एका ठिकाणी पहाटेच्या काकड्याच्या स्पीकरवरून रात्रपाळी करणारा शेजारी चिडला होता. स्पीकर सामाईक भिंतीवरून काढून समोरच्या भिंतीवर लावल्यावर कुरबुर थांबली. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकाचे नियम सर्वच धर्मांना लागू आहेत, पण घरातल्या छोट्या स्पीकरसाठी कायदा काढण्यापेक्षा खिळा हलवणे स्वस्त पडते. आपल्या इमारतीत वास, कचरा, पार्किंग यांपैकी काय दुखते आहे हे एकदा विचारून पाहा. कागद कोणी लिहिला यापेक्षा तो कोणत्या मजल्यावरून निघाला हे पाहिले तर पुष्कळ उलगडते.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. सांगली-मिरजेत या विषयावर बोलताना लोक दोनच वर्षे काढतात. एक गट 2009 चा गणेशोत्सव काढतो, जेव्हा कमानीवरच्या चित्रावरून मिरजेत दंगल झाली आणि संचारबंदी लागली. दुसरा गट 2019 चा ऑगस्ट काढतो, जेव्हा कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ 57 फुटांच्या वर गेले आणि कोणी कोणाचा धर्म न विचारता बोटीत ओढून घेतले. मी दोन्ही वेळी येथेच होतो आणि दोन्ही खरे आहे. पण महापुरात शेजारी होणे सोपे असते. त्या आठवड्यात कोणी माळ पाहिली नाही की टोपी पाहिली नाही, आणि पाणी ओसरल्यावर गाळ काढून झाला तसे डक्टचे, पार्किंगचे आणि डब्याचे प्रश्न जागच्या जागी परत आले. आपला प्रश्न एखाद्या साध्या मंगळवारचा आहे, त्याला या दोन्ही वर्षांतून उत्तर मिळत नाही.

मुलाच्या प्रश्नाला ‘सगळे देव एकच असतात, बाळा’ हे उत्तर देण्याचा मोह होईल. आपली स्वतःची तशी श्रद्धा असेल तर जरूर द्यावे. केवळ विषय मिटवण्यासाठी मात्र देऊ नये. समोरचे काका मूर्तीची उपासना मान्य करत नाहीत, जैन मित्र जगाचा कर्ता देव मानत नाही, बौद्ध मित्राच्या घरी विठोबा नाही, हे वर्गात गेल्यावर त्याला कळणारच आहे, आणि तेव्हा आईने सांगितलेले खोटे ठरेल. ‘ते विठोबाला मानत नाहीत, ते नमाज पढतात, रोजे ठेवतात, आपण ते करत नाही, आपण वारी करतो, ते करत नाहीत’ हे 9 वर्षांच्या मुलाला पुरते आणि समजते. यावर तो ‘मग बरोबर कोण?’ असे विचारेल. ‘मला माझे बरोबर वाटते, म्हणून मी माळ घातली, त्यांना त्यांचे वाटते’ असे मी माझ्या मुलीला सांगितले होते. तिचे समाधान झाले नाही, पण ती रोज शेजाऱ्यांकडे कॅरम खेळायला जात राहिली. समोरच्या घरी काही खायला दिले तर ‘मला हे चालते का, आईला विचारून सांगतो’ असे म्हणायला मात्र त्याला आताच शिकवा. मुले हे वाक्य आपल्यापेक्षा फार सहज बोलतात.

राहिला डबा. रिकामा देऊ नये हे योग्यच आहे. त्यात भडंग भरा. सांगलीत त्याला कोणी नाही म्हणत नाही आणि तो नैवेद्याचाही नसतो. रोजाचे दिवस असतील तर सूर्यास्तानंतर जा. आणि दारातच सांगा: “भाभी, मी त्या दिवशी खोटे बोलले. आमच्याकडे माळ आहे, बाहेर शिजवलेले मला चालत नाही. शिरखुर्मा मी मावशींना दिला, त्यांनी तो आवडीने खाल्ला. तुम्हाला त्याच वेळी सांगायला हवे होते.” मावशींचा भाग गाळू नका, तो नंतर त्यांच्याकडूनच कळला तर सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. हॉटेलचा प्रश्न घरात अजून सुटलेला नसेल तर ‘बाहेर शिजवलेले’ हे शब्द वगळून जे खरे असेल तेच बोला. भाभी कदाचित हसून सोडून देतील, कदाचित गप्प होतील. गप्प झाल्या तर त्यांना बोलते करण्याचा प्रयत्न तेव्हाच करू नका, डबा हातात देऊन परत या. मुलाला सोबत नेऊ नका, त्याच्यासमोर दोघींनाही मोकळे बोलता येणार नाही.